कोंकणांतील बोलीचे शब्द आणि मराठी वाङ्मय

दापोली तालुक्यांतील मुरुड हें महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें गांव. अशा किनाऱ्यावरील गांवांतून दगडी बांधणीच्या वाटेला पाखाडी म्हणतात, नारळी-पोफळींच्या बागेला आगर, दगडावर दगड रचून केलेल्या कुंपणाला गडगा आणि पऱ्यावरील लहान पुलाला साकव. या शब्दांच्या जागीं वाट, बाग, कुंपण आणि पूल हे शब्द घातले तर अर्थ कळेल. परंतु कोंकण डोळ्यांपुढें उभें राहणार नाहीं.

प्रांतोप्रांतींच्या अशा शब्दांची मोठी नोंद मोल्सवर्थ साहेबांच्या कोशांत सांपडते. त्याची पहिली आवृत्ति १८३१ सालीं व दुसरी १८५७ सालीं निघाली. त्या कामीं त्यांस जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंचें साहाय्य होतें. नवल असें, कीं हेच थॉमस कँडी पुढें शालेय पुस्तकांची भाषा तपासूं लागले आणि त्या पुस्तकांतून पुण्याकडील शिष्ट वळण हेंच प्रमाण ठरलें. कोशानें ज्या शब्दांना आसरा दिला, तेच शब्द शाळेंत अशुद्ध ठरले. आईच्या तोंडून ऐकलेला शब्द निबंधांत आला, कीं त्याखालीं तांबडी रेघ पडूं लागली.

स्कॉटलंडांतही अठराव्या शतकांत हेंच घडलें. तेथील विद्वान आपल्या लेखनांतून स्कॉट शब्द वेंचून काढीत असतां, १७८६ सालीं रॉबर्ट बर्न्स या शेतकरी कवीनें बोलींतील कवितांचा संग्रह काढला व शेवटीं कठीण शब्दांचे अर्थ दिले. पुढें १८०८ सालीं जेमिसन यांनीं त्या भाषेचा कोश सिद्ध केला.

कोंकणास असा लेखक मुरुडच्या शेजारींच लाभला. श्री. ना. पेंडसे यांचा जन्म १९१३ सालीं दापोली तालुक्यांतील मुर्डी येथें झाला. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) या कादंबरींत त्यांनीं पात्रांच्या मुखीं तेथील बोली घातली. ‘रथचक्र’ला १९६३ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें, आणि दापोलीकडील भाषा महाराष्ट्रभर वाचली गेली.

साकवाच्या जागीं सिमेंटचा पूल येतो व गडग्याच्या जागीं विटांची भिंत. त्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र वस्तूबरोबर तिचें नांवही जातें. ज्या घरांत वडील माणसांच्या तोंडीं हे शब्द अद्याप आहेत, तेथें ते अर्थासह लिहून ठेवणें, आणि मुलांच्या वहींतील तांबडी रेघ थोडी आवरणें, एवढें तरी आज करतां येण्याजोगें आहे.