गोरोबाकाकांच्या लेकरानं पुढं काय केलं?

तेरच्या कुंभाराच्या घरात जन्माला आलं की गोरोबाकाकांची गोष्ट कानावर पडतेच. विठ्ठलाच्या नामात दंग होऊन काका माती तुडवत होते, पायाखाली पोटचं लेकरू आलं तरी कळलं नाही. पुढं पांडुरंगानं ते परत दिलं. आमचा आज्जा ही गोष्ट डोळे मिटून सांगायचा. आज्जी मात्र भाकरी थापता थापता एकच विचारायची, "ते लेकरू मोठं झाल्यावर चाकावर बसलं का न्हाई?" आज्जा चिडायचा. कुठल्या कीर्तनकारानं हे सांगितलं नव्हतं, आणि कीर्तनाबाहेरचे गोरोबाकाका आज्ज्याला चालत नसत.

प्रश्न वाटतो तितका वाकडा नव्हता. तेर म्हणजे जुनं तगर. ‘पेरिप्लस’ हे व्यापारी जलप्रवासाचं जुनं पुस्तक लिहिणाऱ्या ग्रीक माणसानं पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलंय आणि तिथून गाड्यांनी भडोचच्या बंदराला कापड जायचं, अशी नोंद केलीय. ते तगर म्हणजे आमचं तेरच, हे इतिहास-संशोधक फ्लीटनं 1901 साली मांडलं. त्या कापड विणणाऱ्यांचं गावात आता फारसं काही उरलेलं नाही. मातीचं उरलंय. गावच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या; त्यांच्याच नावाच्या सरकारी संग्रहालयात सातवाहन काळातल्या, दोन साच्यांत घडवलेल्या मातीच्या बाहुल्या आहेत. त्या बघून आज्जा म्हणाला होता, "हात चांगला होता गड्याचा." दोन हजार वर्षांचं अंतर त्यानं हिशेबातच धरलं नाही. गल्लीतल्या कुण्या कारागिराबद्दल बोलावं तसा बोलला.

म्हणून आपल्याला वाटतं, की बापाचं चाक लेकाकडं, लेकाचं नातवाकडं असं ते गुमान चालत आलं असेल. आज्ज्याच्या बापाची हकिगत वेगळी आहे. ते तिघे भाऊ. बलुत्याचा हक्क एक, आणि खळ्यावर मिळणारी जोंधळ्याची रास त्या एका हक्काची. वर्षभर गावाला घागरी, रांजण, डेरे, लग्नाची बोळकी आणि मर्तिकाचं मडकं पुरवायचं, त्याबदली सुगीत धान्य. बलुतं म्हणजे वतनच. त्याच्या वाटण्या व्हायच्या, ते गहाण पडायचं, विकलंही जायचं. पण तिघांत वाटलं तर तिघंही उपाशी, म्हणून थोरला चाकावर बसला. मधला सासरच्या गावी गेला, तिथं कुंभाराला मूलबाळ नव्हतं. धाकटा बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीत बसला आणि निजामाच्या मुलखातून इंग्रजी मुलखात, बार्शीच्या कापडगिरणीत गेला. ही गाडी 1911 मध्ये लातूरपर्यंत पोचली होती. तेव्हा पिढीजात धंदा सोडणारी पहिली पिढी आमची, असं कुणी म्हणालं की मला धाकट्या पणज्याची आठवण येते. धंद्यात कोण राहणार हे आवडीवर ठरत नव्हतं, रास किती जणांना पुरते यावर ठरत होतं.

मग 1972 चा दुष्काळ आला. तेरणा नदी आटली. प्यायला पाणी नाही तिथं माती भिजवायला कुठलं? आज्जा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला, आज्जीही गेली. सुकडी खाल्ली, रोख मजुरी घेतली. कुणाच्या खळ्यावर पदर पसरावा लागला नाही, हे आज्जीच्या ध्यानात राहिलं. दुष्काळ संपल्यावर आज्ज्यानं पुन्हा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, लावला, पण माझ्या वडलांना चाकाला हात लावू दिला नाही. "गाढवामागं मी फिरलो तेवढं बास," म्हणाला आणि त्यांना शाळेत धाडलं. वडील मास्तर झाले. पोरं धंदा सोडतात म्हणून हळहळणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की कितीतरी घरांत पोराला आधी बापानंच सोडवलेलं असतं. प्लास्टिकची घागर त्यानंतर आली. तिच्यावर सगळं खापर फोडणं सोयीचं आहे, एवढंच.

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात लोहारा-उमरग्याकडं दगडमातीची घरं बसली आणि मातीच्या भिंतींवरचा लोकांचा भरवसाच गेला. आमच्या भावकीतली काही पोरं वीटभट्टीकडं वळली. याला धंदा सोडणं म्हणायचं की नाही, यावर घरात अजून वाद होतो. माझ्या मते नाही. माती तीच, भाजणंही तेच, फक्त चाक गेलं.

या सगळ्या हिशेबात एक माणूस धरलाच जात नाही. आज्जी परंड्याकडच्या कुंभाराची लेक. माती चाळणं, लीद-राख मिसळून मळणं, चुली-शेगड्या नुसत्या हातानं घडवणं, आवा रचताना मडकी हातोहात देणं, सगळं ती माहेरून शिकून आली होती. चाकावर मात्र बाईनं बसायचं नाही. लेक बापाच्या धंद्यात राहिला का, हे सगळे विचारतात. लेकी तर राहातच आल्या, फक्त सासऱ्याच्या धंद्यात. नावावर काही नसताना त्यांनीच तो निम्म्याहून जास्त ओढला.

आज आमचं चाक चुलतभावाकडं आहे, विजेवर फिरणारं. संक्रांतीची सुगडं, अक्षय तृतीयेचे करे, नवरात्रातले घट आणि दिवाळीच्या पणत्या एवढ्यापुरतं ते चालतं. तुळजापूर जवळ असल्यानं घटांना मागणी बरी असते. त्याचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे, परत येणार नाही. थोरली मुलगी नर्सिंग शिकते आणि सुट्टीत चाकावर बसते, तिला कुणी अडवत नाही. पण ती कुंभारकाम करणार नाही, आणि करू नये असंच माझं मत आहे. चार सणांवर वर्षाचं पोट भरत नाही.