सायकलने धडगाव, पण कोणत्या बाजूने?

पुण्याहून पुतण्याचा फोन आला होता. तो आणि त्याचे तीन मित्र गिअरच्या सायकली घेऊन येत्या हिवाळ्यात धडगावकडे येणार आहेत. "काका, तुमची नोकरी तिकडे झाली. जंगल, घाट, ऐतिहासिक गावं असा तीन दिवसांचा रूट सांगा." सांगायला बसलो तर अर्धा तास गेला आणि मी अजून तळोद्यातच! म्हणून सरळ इथे लिहितो, बाकीच्या मंडळींच्याही उपयोगी पडेल.

धडगाव म्हणजे सातपुड्याच्या पोटातलं गाव. दक्षिणेला तापी, उत्तरेला नर्मदा आणि मध्ये हे डोंगर. तालुक्याचं कागदोपत्री नाव अक्राणी, पण कचेऱ्या धडगावात. (नगरपंचायतीचं नाव तर धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक! आमच्या वेळी एवढं नाव फळ्यावर लिहायला सांगितलं असतं तर निम्मा वर्ग चुकला असता.) खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे मी नोकरीला लागलो तेव्हा आमचं जिल्ह्याचं ठिकाण धुळे होतं. पगाराच्या एखाद्या कागदासाठी जायचं तर दोन दिवस मोडायचे.

सायकलवाल्यांना सोपा पडणारा रस्ता असा. प्रकाशाहून निघायचं, तळोदा, तिथून कोठारमार्गे चांदसैली घाट चढून धडगाव. दुसरा दिवस नदीकडे. तिसऱ्या दिवशी मोलगी आणि देवगोई घाट उतरून अक्कलकुवा. तोरणमाळ हवंच असेल तर एक दिवस वाढवा. साडेतीन हजार फुटांहून उंच आहे, यशवंत तलाव सुंदर आहे, पण त्याच्यावर पुष्कळांनी लिहिलंय, मी लिहीत नाही.

प्रकाशाला मात्र घाई करू नका. लोक तापी-गोमाईचा संगम आणि केदारेश्वर बघून पुढे जातात. दक्षिण काशी म्हणतात ना! पण १९५५ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने इथल्या टेकाडात उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली. साडेतीन हजार वर्षं माणूस इथे राहतोय. जुनं गाव कसं असतं हे डोळ्यांना कळावं म्हणून प्रकाशा आधी बघा. एकावर एक थर, घाट, देवळं, पार. हे ध्यानात ठेवा, कारण वर डोंगरात यातलं काहीच दिसणार नाही.

तिथे गाव म्हणजे एका गठ्ठ्यातली घरं नव्हेत. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, एका टेकाडावर एक, दुसरं हाकेच्या अंतरावर. दहा-पंधरा घरांचा पाडा, त्यालाच फळी म्हणतात (वडफळ्यातली फळी तीच), आणि असे सात-आठ पाडे मिळून कागदावरचं एक गाव. वेस नाही, वाडा नाही, मारुतीचा पार नाही. शहरातला माणूस विचारतो, "गाव कुठे आलं?" तो गावाच्या मधोमध उभा असतो! इथला इतिहास दगडात नाही. होळीचा दांडा कुठे रोवायचा ती जागा, कोणत्या पाड्याचे ढोल आधी वाजायचे हा मान, यात तो असतो. मोलगीच्या परिसरातल्या काठी गावाची राजवाडी होळी १२४६ पासून चालत आल्याचं सांगतात. काठी हे मेवासी संस्थानिकांपैकी एकाचं ठिकाण. काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर अशी ही सहा छोटी घराणी. वाडा शोधत जाल तर निराशा होईल, फाल्गुनात जाल तर पहाटेपर्यंत घरी परतावंसं वाटणार नाही.

आता रस्त्याबद्दल, आणि माझा खरा मुद्दा इथे आहे. तुम्ही तळोद्याहून चढाल तेव्हा वाटेल की आपण धडगावला पुढच्या दाराने आलो. तसं नाही. तुम्ही परसदारातून आलात. या डोंगरांचं पुढचं दार उत्तरेला, नर्मदेकडे होतं. धडगावच्या बाजूने वाहणारी उदय नदीसुद्धा तापीकडे पाठ करून नर्मदेला मिळते. पावरा मंडळी आपलं मूळ सांगतात ते पावागडाचं, म्हणजे नदीपलीकडचं. १९८१ च्या जनगणनेच्या कामाला मी नदीकाठच्या गावांत पायी फिरलो. घरोघर बोलताना सून कुठली, सासू कुठली हे निघायचंच, आणि कितीतरी घरांत उत्तर येई, "पलीकडची." पलीकडे म्हणजे मध्य प्रदेशात, नाहीतर गुजरातेत. आमच्या नकाशावर तिथे राज्याची जाड रेघ होती. त्यांच्या लेखी होडीने ओलांडायची एक नदी होती, बस्स. लग्नं तिकडे, बाजार तिकडे. तळोदा, शहादा हे त्यांना परदेशासारखं, जिथे सावकार, व्यापारी आणि फौजदार राहतात.

दक्षिणेकडून वर जे आलं ते बहुतेक काहीतरी न्यायला आलं. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. डोंगर काबूत ठेवायला डोंगरातलीच माणसं, असा तो विचार. मग जंगलखातं आलं. १८७८ च्या कायद्याने जंगलं राखीव झाली आणि साग सपाटीकडे जाऊ लागला. त्याआधी बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून जे काय मीठ-धान्य चढे-उतरे तेवढंच. लाकडाला मात्र गाडीवाट लागते. पुढे १९३५ च्या कायद्याखाली अक्राणी महाल आणि मेवासी गावं 'अंशतः वगळलेला प्रदेश' ठरली. लाकूड वगळलं नव्हतं, एवढं लक्षात घ्या. तेव्हा "घनदाट जंगलातून सायकल" असं काही मनात असेल तर आधीच सांगतो, चांदसैलीच्या वर बरेच डोंगर उघडे भेटतील. साग, सालई, मोह अजून आहेत, पण तुकड्या-तुकड्यांनी.

त्या गाडीवाटेचे डांबरी रस्ते व्हायला शतक लागलं. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीची कामं निघाली, तेव्हा या रस्त्यांची खडी इथल्याच बायकापुरुषांनी बसून फोडली. मी १९७६ मध्ये रुजू झालो तेव्हा एसटी होती, पण पावसाळ्यात तिचा भरवसा नव्हता. माझी सायकल बावीस इंची, रॉड ब्रेकची, एसटीच्या टपावर दोरीने बांधून वर नेलेली. घाटात तिचा नियम ठरलेला, चढाला माझ्या हातात, उताराला जीव मुठीत! ब्रेकची रबरं महिन्यात झिजायची. पुतण्याच्या सायकलला म्हणे डिस्क ब्रेक आहेत. तरी दर दोन-तीन वळणांना थांबा. एक म्हणजे दम खायला, आणि दुसरं म्हणजे खालच्या सपाटीकडे बघायला. ऊस, केळी, पपई, कालव्यांचं हिरवं पाणी, आणि तुम्ही उभे असाल त्या उतारावर भगर नाहीतर ज्वारीची इवलीशी पट्टी. वर्गात जमीनधारणा शिकवताना मला हा देखावा खिडकीतून दाखवता आला असता तर बरं झालं असतं.

घाट नुसता देखणा समजू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड पडून रस्ता बंद झाला असताना डोंगरातल्या एका माणसाने आजारी बायकोला खांद्यावर घेऊन दवाखाना गाठायला निघण्याचा प्रयत्न केला. ती वाटेतच गेली. वर्तमानपत्रांत चार दिवस आलं. तेव्हा पावसाळ्यात या घाटात सायकली घेऊन येऊ नका. दरड तुमच्यावर पडेल म्हणून तर खरंच, शिवाय अडकलेल्या रस्त्यावर आपली गर्दी नको.

अस्तंभ्याचं शिखर तुम्हाला वाटेत सोबत करील. अश्वत्थामा तिथे भटकतो, जखमेला तेल मागतो अशी श्रद्धा आहे, आणि धनत्रयोदशीच्या सुमारास हजारो तरुण रात्री मशाली-बॅटऱ्या घेऊन चढतात. त्या दिवसांत रस्त्याला माणसंच माणसं, सायकल हाकायला जागा मिळणार नाही. पण बघायचं तर तेव्हाच.

आता दुसरा दिवस, नदीचा. माझ्या मते सगळी सहल या एका दिवसासाठी करावी. धडगावहून बिलगाव नाहीतर भूषाकडे उतरा. ज्यांनी गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' किंवा कुंट्यांचं 'नर्मदे हर हर' वाचलंय त्यांना शूलपाणीची झाडी माहीत असेल. नर्मदा उजव्या हाताला ठेवून ओंकारेश्वराहून समुद्राकडे निघालेल्या परिक्रमावासीयांना 'मामा' लोक लुटतात ती हीच झाडी. सगळे त्या लुटीबद्दल बोलतात. कमरेला लंगोटी आणि घरात महिनाभराचंही धान्य नाही अशा माणसाने वाटसरूचं घोंगडं का घ्यावं, हे फार थोड्यांनी विचारलं. पण परिक्रमेची ती वाट ही इथली सर्वांत जुनी प्रवासवाट, आणि ती नदीच्या काठाने होती.

ती आता पाण्याखाली आहे. सरदार सरोवराची कोनशिला नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ रोजी बसवली, लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये आला. मी जनगणना करत होतो तेव्हा ही गावं बुडायची ठरलेलीच होती. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली मिळून ३३ गावं. पहिलं मणिबेली. तिथलं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ बुडालं, नवं गुजरातेत गोऱ्याला बांधलं. विधानसभेचा एक नंबरचा मतदारसंघ अक्कलकुवा आणि त्यातलं एक नंबरचं मतदान केंद्र मणिबेली. यादीत पहिला आणि सोयीत शेवटचा! बिलगावच्या लोकांनी २००३ मध्ये उदय नदीच्या धबधब्यावर श्रमदानाने १५ किलोवॅटचा वीजप्रकल्प उभा केला, केरळातल्या दोन अभियंत्यांच्या मदतीने. 'स्वदेस' चित्रपटातल्या विजेच्या प्रसंगाची प्रेरणा हीच, असं म्हणतात. तीन पावसाळे दिवे लागले. २००६ मध्ये धरणाची उंची १२१.९२ मीटर झाली आणि त्या पावसाळ्यात प्रकल्प पाण्यात गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरलं.

म्हणून भूषाला डांबर थेट पाण्याशी संपतं. तिथे सायकल टेकवून पलीकडे बघा. मोठं, शांत, देखणं पाणी आहे, फोटो चांगले येतील. पण जिथे होडीने पाच मिनिटांत सून माहेरी जायची तिथे आता मैलभर पसरलेला जलाशय आहे, आणि पुढचं दार होतं तिथे रस्त्याचा शेवट.

नदीकाठच्या एका गावचा माझा विद्यार्थी आता तळोद्याजवळच्या वसाहतीत राहतो. धरणग्रस्तांसाठी तिथली ४२०० हेक्टर वनजमीन मोकळी केली होती, त्यातली. गेल्या वर्षी भेटला. त्याच्या मूळ गावात सायकल नव्हतीच, चालवणार कुठे? खाली आल्यावर त्याने पस्तिशीत सायकल शिकून घेतली. त्याची नात आता शाळेत सायकलनेच जाते. मी विचारलं, "कधी तिला घेऊन वर गेलास का?" तो म्हणाला, "गुरुजी, चांदसैलीपर्यंत नेलं होतं. तिथून डोंगर दाखवला. पुढं काय दाखवू?"

पुतण्याला मी त्याचा नंबर दिला आहे. तळोद्यात पहिला चहा त्याच्याकडे घ्या, आणि येताना पंक्चरचं सोल्युशन जास्तीचं आणा, घाटात मिळत नाही.