मासिक पाळीची पर्यावरणस्नेही साधने

मासिक पाळीतील रक्तस्राव शोषण्यासाठी किंवा साठवण्यासाठी वापरली जाणारी आणि नेहमीच्या सॅनिटरी पॅडपेक्षा कमी कचरा करणारी साधने. यांचे दोन वर्ग पडतात. पहिल्यात सिलिकोनचा कप, धुऊन पुन्हा वापरायचे कापडी पॅड आणि पाळीसाठीची शोषक अंतर्वस्त्रे येतात. दुसऱ्यात केळीच्या खोडाचे तंतू, बांबू, कापूस किंवा लाकडाचा लगदा यांपासून केलेले, एकदा वापरून टाकायचे पण ‘विघटनशील’ म्हणून विकले जाणारे पॅड येतात. दोन्हींच्या वेष्टनावर हिरवे पान असते, पण त्यांची योग्यता सारखी नाही. साधन कशाचे केले आहे यापेक्षा ते किती वेळा वापरले जाते, यावर त्याचा पर्यावरणावरील भार मुख्यतः ठरतो. निवडीची पहिली कसोटी तीच असायला हवी.

साध्या दिसणाऱ्या पॅडमध्ये वरचा थर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा, मधला लाकडाच्या लगद्याचा आणि खालचा पॉलिथिलीनचा असतो. लगद्यात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट हे अतिशोषक रसायन मिसळलेले असते. यातला लगदा कुजतो, बाकीचे कुजत नाही. दर पाळीला बारा पॅड आणि आयुष्यात साधारण साडेचारशे पाळ्या धरल्या, तर एका स्त्रीमागे पाच हजारांहून अधिक पॅड होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते २४ वयोगटातील ४२ टक्के स्त्रिया सॅनिटरी पॅड वापरत होत्या. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ६४ टक्के झाले, तर कापड वापरणाऱ्यांचे ६२ वरून ५० टक्क्यांवर आले. ही वाढ आरोग्याच्या दृष्टीने स्वागतार्ह आहे. घाणेरडे, ओलसर फडके वापरणाऱ्या मुलीला पॅड मिळणे ही सुटकाच असते. पण त्या सुटकेची किंमत कचरावेचक मोजतात, हे पुण्यात उघडपणे मांडले गेले. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २०१३ च्या सुमारास वापरलेले पॅड थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवण्याची मोहीम चालवली. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी विल्हेवाटीसाठी पाकीट देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पाकिटाने कचरावेचकाचा हात वाचतो, कचरा मात्र तेवढाच राहतो. पॅड जाळण्यासाठी शाळांतून बसवलेल्या छोट्या भट्ट्यांनीही प्रश्न सुटत नाही. पुरेसे तापमान न गाठता प्लास्टिक आणि क्लोरिनयुक्त पदार्थ जाळले की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत जातात.

मग पॅड विघटनशील केला की प्रश्न सुटला, असा युक्तिवाद होतो. तो मोहक आहे, कारण त्यात कुणालाच सवय बदलावी लागत नाही. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या बचतगटाने किंवा अहमदाबादच्या ‘साथी’ कंपनीने वनस्पतीजन्य पॅड बनवले. त्यांतून रोजगार उभा राहिला आणि प्लास्टिकही कमी झाले, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु हे पॅड कुजायला ओलावा, हवा आणि सूक्ष्मजीव यांची नीट जुळणी लागते. डम्पिंग ग्राउंडवर, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकलेल्या पॅडला ती मिळत नाही. कापसाचे म्हणाल तर त्याच्या शेतीला जमीन, पाणी आणि खत लागते, आणि ते सगळे एका वापरापुरते खर्ची पडते. म्हणूनच कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचा भार मोजणाऱ्या काही जीवनचक्र अभ्यासांत सेंद्रिय कापसाचे पॅड काही निकषांवर साध्या पॅडहूनही भारी ठरले. सेंद्रिय म्हणजे निर्धोक, हेही गृहीत धरता येत नाही. दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ने २०२२ मध्ये भारतीय बाजारातले १० पॅड तपासले, तेव्हा सेंद्रिय म्हणवणाऱ्यांतही थॅलेट ही आरोग्याला घातक ठरू शकणारी रसायने सापडली. जनऔषधी केंद्रांत २०१९ पासून एक रुपयाला मिळणारा ‘सुविधा’ पॅड ‘ऑक्सो-जैवविघटनशील’ आहे. या प्रकारच्या प्लास्टिकवरचा मुख्य आक्षेप असा, की ते विरून जाण्याऐवजी बारीक तुकड्यांत मोडते. ऑक्सो-विघटनशील प्लास्टिकच्या वस्तूंवर युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाद्वारे बंदी घातली. एक रुपया ही किंमत गरीब मुलीसाठी मोलाची आहे, पण पर्यावरणस्नेही हे बिरूद त्या पॅडला शोभत नाही.

पुनर्वापराच्या साधनांत कप सर्वांत पुढे आहे. अमेरिकेत लिओना चाल्मर्स यांनी १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तो तेव्हा रबराचा होता, आता बहुधा वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनचा असतो. तो स्राव शोषत नाही, साठवतो. बारा तासांपर्यंत आत राहू शकतो आणि नीट राखल्यास दहा वर्षांपर्यंत टिकतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२१ मध्ये विविध जीवनचक्र अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात कपाचा भार सर्वांत कमी निघाला. कापडी पॅडचे गणित मात्र धुण्यावर अवलंबून असते. गरम पाणी, भरपूर साबण आणि यंत्र वापरले तर त्याचा फायदा घटतो. थंड पाण्यात भिजवून हाताने धुतले आणि उन्हात वाळवले तर टिकतो. आपल्याकडे ऊन फुकट आहे, आडकाठी येते ती लाजेची. इतर कपड्यांखाली दडवून वाळवलेले कापड ओलसर राहते आणि मग दोष कापडाला दिला जातो.

कपाविषयीचे आक्षेप अधिक तीव्र आहेत. ‘द लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मधील २०१९ च्या आढाव्यात ४३ अभ्यास आणि ३,३०० हून अधिक स्त्रियांची माहिती तपासली गेली. गळती पॅडइतकीच किंवा कमी आढळली आणि सुमारे ७० टक्के स्त्रियांना सरावानंतर कप पुढेही वापरायचा होता. टॉक्सिक शॉक सिंड्रोम या गंभीर विकाराची कपाशी जोडलेली पाच प्रकरणे मिळाली. धोका विरळ आहे, शून्य नाही. तांबी बसवलेल्या स्त्रीने आधी डॉक्टरांना विचारावे, कारण कप काढताना तांबी निसटल्याच्या नोंदी आहेत. कौमार्याची भीती वैद्यकीय नाही. योनिपटल खेळताना, सायकल चालवतानाही ताणले जाते. तरीही योनीत काही घालणे जिला नको वाटते तिच्यावर कप लादता कामा नये. तिच्यासाठी कापडी पॅड आहेतच.

सर्वांत वजनदार आक्षेप पाण्याचा आहे. ऊसतोडीच्या फडावर, जिथे शौचालय नाही आणि पिण्याचे पाणीही लांबून आणावे लागते, तिथल्या बाईला कापड धुवा, कप उकळा असे सांगणे क्रूरपणाचे ठरेल. हा आक्षेप खरा आहे, पण तो साधनावर नसून नळ, आडोसा आणि मजुरीच्या व्यवस्थेवर आहे. जिथे या सोयी आहेत तिथे बदल घडतो, हे केरळने दाखवले. एर्नाकुलम जिल्ह्यातील कुंबळंगी गावात पाच हजारांवर कप वाटले गेले, वापराचे प्रशिक्षण दिले गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये ते सॅनिटरी नॅपकिनमुक्त जाहीर झाले. महाराष्ट्राच्या ‘अस्मिता’ योजनेने २०१८ मध्ये जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देऊ केले. त्या पैशाचा काही वाटा कप, कापडी पॅड आणि शिकवणाऱ्या आरोग्यसेविकेकडे वळवला असता तर हेतू अधिक काळ साधला असता. एकदा घेतलेला कप पॅडच्या खर्चाच्या तुलनेत वर्षभराच्या आतबाहेर वसूल होतो, पण सुरुवातीचे तीन-चारशे रुपये एकदम काढणे अनेकींना जड जाते. अनुदान हवे ते नेमके तिथे.

ज्यांना पाणी, खासगी न्हाणीघर आणि पैसे तिन्ही उपलब्ध आहेत, त्या शहरी वाचकांनी कपापासून सुरुवात करावी आणि दोन ते पाच पाळ्यांचा सराव लागेल हे धरून चालावे. पॅड वापरावाच लागला, तर तो कागदात गुंडाळून, कचरावेचकाला ओळखता यावा म्हणून वर लाल ठिपका काढून, ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा द्यावा.