किल्ली कातडीखाली : हातात बसवलेल्या चिपचा इतिहास

१/
२४ ऑगस्ट १९९८. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाचे प्राध्यापक केविन वॉरविक यांच्या डाव्या हातात एक बारीक काचेची कुपी शस्त्रक्रियेने बसवण्यात आली. त्यानंतर ते विभागात शिरले की दरवाजे आपोआप उघडत, दिवे लागत. नऊ दिवसांनी कुपी काढली गेली; पण किल्ली शरीरातही राहू शकते, हे सिद्ध झाले होते.

२/
या किल्लीचे मूळ कार्डात आहे. १९७३ साली अमेरिकी संशोधक चार्ल्स वॉल्टन यांनी रेडिओ लहरींनी कुलूप उघडणाऱ्या कार्डाचे पेटंट मिळवले. आज कार्यालयांत गळ्यात दिसणारे ओळखपत्र याच कल्पनेचे वंशज.

३/
चिपमध्ये बॅटरी नसते. दाराजवळचा रीडर चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, त्यातून कुपीतील तारेच्या वेटोळ्यात वीज खेळते आणि चिप आपला क्रमांक कळवते. तो यादीत सापडला तर दार उघडते. मात्र दोघांची वारंवारता जुळावी लागते : १२५ किलोहर्ट्झची चिप १३.५६ मेगाहर्ट्झच्या रीडरपुढे मुकीच राहते. शिवाय तांदळाच्या दाण्याएवढ्या कुपीत वेटोळेही चिमुकले. म्हणून हात रीडरला जवळजवळ टेकवावा लागतो.

४/
२००४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'व्हेरिचिप' या चिपला परवानगी दिली. हेतू होता रुग्णाची ओळख पटवण्याचा. परंतु २००६ मध्ये ओहायोतील सिनसिनाटी येथील 'सिटीवॉचर' कंपनीच्या दोन कर्मचाऱ्यांनी ती दंडात बसवून घेतली. कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवलेल्या खोलीत प्रवेश मिळवण्यासाठी!

५/
त्याच वर्षी संशोधक जोनाथन वेस्टह्यूज यांनी व्हेरिचिपची नक्कल करून दाखवली. विचारील त्याला ती एकच क्रमांक सांगत होती. कार्डाची नक्कल झाली तर नवे कार्ड मिळते. दंडातील चिप बदलायची तर पुन्हा शस्त्रक्रिया आली.

६/
२००६ सालीच विस्कॉन्सिन राज्याने कायदा केला : कोणालाही चिप बसवून घेण्याची सक्ती करता येणार नाही. दंड १०,००० डॉलरपर्यंत, आणि उल्लंघनाचा प्रत्येक दिवस हा स्वतंत्र गुन्हा. पुढच्याच वर्षी नॉर्थ डकोटा व कॅलिफोर्निया यांनीही असे कायदे केले.

७/
इतिहासाचा योगायोग पाहा. १ ऑगस्ट २०१७ रोजी याच विस्कॉन्सिनमधील रिव्हर फॉल्स गावी 'थ्री स्क्वेअर मार्केट' कंपनीत चिप बसवण्याचा समारंभ झाला. सुमारे ८० पैकी ५० कर्मचाऱ्यांनी अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये चिप घेतली. तिने दार उघडे, संगणक सुरू होई, खाऊचे पैसेही चुकते होत. खर्च कंपनीचा. कायदा कुठेच मोडला नाही, कारण कोणावरही सक्ती नव्हती.

८/
तरीही एक प्रश्न उरतो. सक्ती नसली तरी विचारणारा पगार देणारा असेल, तर नकार कितपत मोकळेपणाने देता येतो? कायद्याने नकाराचा हक्क राखला; त्या नकाराची किंमत त्याला मोजता आली नाही. कार्ड संध्याकाळी खुंटीला टांगता येते, नोकरी सुटली की परत करता येते. चिप मात्र कर्मचाऱ्याबरोबर घरी जाते, आणि नोकरी संपली तरी हातातच राहते.