झीज होणारच, हे धरून चालणारा पंप

विजेचं बिल आलं की आपण युनिट बघतो. त्या युनिटमागे राख किती निघाली, हे बिलावर छापलेलं नसतं.

आपल्या देशी कोळशात साधारण 30 ते 45 टक्के राख असते. 40 टक्के धरा. दहा टन कोळसा जाळला की चार टन राख उरली. नागपूरजवळ कोराडीत 1974 पासून कोळशावर वीज तयार होते, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. या राखेची विल्हेवाट लावायचा जुना रिवाज असा: पाण्यात कालवायची आणि पाइपातून दूरच्या बंधाऱ्यात ढकलायची.

ढकलणारं यंत्र म्हणजे स्लरी पंप. त्याची गोष्ट सुरू होते ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणींत. दळलेला दगड पाण्यासोबत वाहून न्यायचा, तर साधा पंप आतून पार खरवडून निघायचा. 1938 मध्ये चार्ल्स वॉरमन या इंजिनीयरने सरळ विचार केला. झीज थांबत नाही ना? मग झिजणारा भागच बदलता येईल असा ठेवू. बाहेर मजबूत लोखंडी कवच, आत रबराचं अस्तर. अस्तर संपलं की कवच उघडायचं, नवं बसवायचं. बारीक कण रबरावर आपटून उसळतात, म्हणून ते टिकतं. धारदार मोठे खडे असले तर रबर फाटतं, तिथं क्रोमियमवालं कठीण ओतीव लोखंड लागतं. आजचे स्लरी पंपही याच तत्त्वावर चालतात.

मला या इतिहासातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. हा पंप टिकला तो झीज होणारच हे आधी कबूल केल्यामुळे.

आता पाइपाच्या दुसऱ्या टोकाला या. जुलै 2022 च्या पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. राखेचा चिखल शेतांत, नाल्यांत शिरला. अस्तर बदलता येतं हो, पण राख बसलेलं वावर कसं बदलायचं?

कायदा नव्हता असंही नाही. राख विटा-सिमेंटसाठी वापरा, ही केंद्राची पहिली अधिसूचना 14 सप्टेंबर 1999 ची. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेत शंभर टक्के वापराची सक्ती आली, न वापरलेल्या राखेवर टनामागे 1000 रुपये भरपाईही आली. सात महिन्यांत बंधारा फुटला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पंपाला लावलेला नियम बंधाऱ्यालाही लावा. तोही झिजणार, हे धरून चला. शेवटची तपासणी कधी झाली, आत राख किती साचली, त्यातली उचलली किती, हे दर पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागलं पाहिजे.

वीजकेंद्राशेजारच्या गावात राहत असाल तर येत्या ग्रामसभेत हे तीन प्रश्न विचारा. उत्तर लेखीच मागा.