चेतकचा दम

वाहनं दोन प्रकारे बंद पडतात. काही धावता धावता आणि काही उभ्या उभ्या. धावता धावता बंद पडलेल्या गाडीला लोक धक्का तरी मारतात. उभ्या उभ्या बंद पडणाऱ्या गाडीच्या मालकाला नुसता सल्ला मिळतो. यंदाच्या हिवाळ्यात मला इतके सल्ले मिळाले, की त्यांच्यावर बचत खात्याच्या दराने व्याज मिळालं असतं तरी मी बँकेतली कारकुनी सोडली असती.

गाडी म्हणजे नानांची, माझ्या वडिलांची, बजाज चेतक. 1985 सालची. त्या काळी स्कूटरचा नंबर लावून लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षं वाट बघत. नानांनी लग्नाच्या आधी नंबर लावला, आणि स्कूटर दारात आली तेव्हा मी बालवाडीत होतो. म्हणजे नंतर बुक होऊन आधी डिलिव्हरी मिळालेला माल, अशीच माझी घरात नोंद आहे. तेव्हा आमचं शहादं धुळे जिल्ह्यात होतं. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि नव्या गाड्या एमएच 39 झाल्या. आमची चेतक मात्र जन्माने धुळेकर. म्हणूनच ती नंदुरबार जिल्ह्यात रुळत नसावी, असा माझा बरेच दिवस समज होता.

दुखणं उघड झालं ते सारंगखेड्याला. तापीकाठच्या या गावात दत्तजयंतीला यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. अलीकडे तिथल्या उत्सवाला ‘चेतक महोत्सव’ असं नाव आहे. तेव्हा आपणही चेतकवरूनच जावं, अशी मला बुद्धी झाली. शहाद्यापासून गाडी वाऱ्यासारखी आली. यात्रेच्या गर्दीत वेग कमी केला, ॲक्सिलरेटर सोडला, आणि ती धडधडली, उचक्या दिल्या, गप्प झाली. किक मारली, सुरू झाली. हात सैल केला, गप्प झाली. दहा पावलांत चार वेळा. मागे बसलेली सौ. उतरून दहा हात पुढे अशी चालू लागली, की जणू या इसमाला तिने कधी पाहिलेलंच नाही. भोवती खरेखुरे घोडे उभे होते, आणि त्यातला एकही उभ्या उभ्या बंद पडत नव्हता!

एक म्हातारेबुवा घोड्याचे दात बघत होते. ते सोडून त्यांनी माझ्या स्कूटरला क्षणभर कान दिला आणि म्हणाले, “गाडीले काय व्हयेल नही शे, भाऊ. तिना दम कोंडायना.” मी हसलो. घोड्याचं वैद्यक स्कूटरला कसं लागू पडेल?

खरं तर हा प्राणी मूळचा घोडा नव्हेच. इटलीत पियाजिओ कंपनीसाठी कोर्रादिनो द’अस्कानिओ या विमानविद्येतल्या इंजिनिअरने 1946 साली ही स्कूटर बनवली. त्याला मोटरसायकली मुळीच आवडत नसत. तिचं नाव पडलं ‘व्हेस्पा’, म्हणजे गांधीलमाशी. बजाजने 1948 पासून ती बाहेरून आणून विकली, पुढे परवान्यावर इथेच बनवली. 1971 मध्ये परवाना संपला आणि 1972 मध्ये गांधीलमाशीचा घोडा झाला. नाव दिलं महाराणा प्रतापांच्या घोड्याचं. 1576 साली हळदीघाटात जखमी होऊनही धन्याला ओढ्यापार नेल्यावरच त्या चेतकने प्राण सोडला, अशी कथा आहे. आमच्या चेतकने ओढा यायच्या आधीच प्राण सोडायचा शिरस्ता पाडला होता.

घरी आल्यावर उपचार सुरू झाले. एकाने सांगितलं, प्लगवर काजळी धरली असेल. प्लग बदलला. दुसऱ्याने पॉइंट घासून दिले. तिसऱ्याने सायलेन्सर जाळून त्यातला कार्बन काढला. गल्लीतल्या चौघांनी येऊन गाडी आडवी पाडून उभी केली. हा उपचार फुकट होता. बँकेतल्या एका सहकाऱ्याने दोष इथेनॉलला दिला. 2025 मध्ये देशातल्या पेट्रोलमधलं इथेनॉल 20 टक्क्यांवर पोचलं. ते पाणी शोषून घेतं आणि जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही, हे खरंच. पण ऊस पिकवणाऱ्या शहाद्यात राहून उसाविरुद्ध बोलायची माझी छाती नाही.

दोन महिन्यांनी खर्चाची बाजू फुगली, जमेला शून्य. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला एवढं पुरे असतं. मी एक गिऱ्हाईक गाठलं आणि नानांना भीत भीत सांगितलं, “रविवारी एकजण गाडी बघायला येतोय.”

नाना ऐंशी पार केलेले. पावसाळ्यापासून खुर्चीवरून फारसे उठत नव्हते. रागावतील वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, “विकायची तर दोष सांगून विक. घोड्याचा व्यापारी लपवील, आपण लपवायचं नाही. काय दोष आहे?”

“तेच तर कळत नाही.”

“मग सांगणार काय? कपाटातून वही आण.”

वहीत 1985 पासूनचं प्रत्येक लिटर पेट्रोल, ऑइल आणि प्रत्येक दुखणं तारखेसह लिहिलेलं होतं. बँकेत एक रुपयाचा फरक शोधायला आम्ही जुनी खाती उलटी तपासत जातो. पण गाडीलाही जुनं खातं असतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नानांनी उलटतपासणी घेतली.

“वेगात नीट चालते?”

“एकदम.”

“उभी असताना चोक ओढला तर?”

“तर बंद पडत नाही.”

“म्हणजे ठिणगी ठीक आहे. हवा पुरते, पेट्रोल पुरत नाही. 1993 चं पान काढ.”

नोंद होती: ‘दोन महिने पायाच्या दुखण्यामुळे गाडी उभी. स्लो जेट तुंबला. पिन घालू नये. फुंकावे.’

पेट्रोल फवाऱ्यासारखं उडवून हवेत मिसळणारा कार्ब्युरेटर 1893 च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखने तयार केला. आमच्या चेतकची सगळी गंमत त्यातच. वेगात असताना पेट्रोल मेन जेटच्या मोठ्या छिद्रातून येतं. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी जगते ती स्लो जेटच्या सुईएवढ्या छिद्रावर. टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असतं. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवली, तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि चिकट ऑइल मागे राहून छिद्र बुजवतं. म्हातारेबुवांनी घोड्याचे दात सोडून सांगितलं होतं ते हेच. दम कोंडला होता.

अशा बाबतीत इतिहासात बायका हुशार निघाल्या आहेत. ऑगस्ट 1888 मध्ये बेर्था बेन्झ यांनी नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरावर किलोमीटर, माहेरी नेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी हॅटच्या पिनने साफ केली. हे मी सौ.ला सांगितलं, तर तिने डोक्यातली पिन काढून पुढे केली. “पिन नाही!” नाना ओरडले. “नळीला चालते. जेट पितळी आहे, छिद्र मोठं होईल.”

आणि नाना उठले. पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच काठी टेकत अंगणात आले. मी जेट काढून पेट्रोलने धुतला, सायकलच्या पंपाने हवा मारली. नानांनी तो थरथरत्या बोटांत धरून उन्हाकडे केला, एक डोळा मिटला. “उजेड दिसला,” म्हणाले.

पहिल्या किकला गाडी सुरू झाली. मी हात काढून घेतला. गाडी जागच्या जागी एका ठेक्यात बोलत राहिली. कुणीही काही बोललं नाही. नाना तिच्याशेजारी स्टूल घेऊन पाऊणएक तास बसले.

रविवारी गिऱ्हाईक आलं. नानांनी त्याला 1985 पासूनचे सगळे दोष वाचून दाखवले. 1991 पर्यंत आल्यावर तो चहा न घेताच गेला.

2020 पासून चेतक नावाचीच विजेवरची स्कूटर बाजारात आली आहे. तिला कार्ब्युरेटर नाही, जेट नाही. ती सिग्नलला उभी राहिली की आवाजच करत नाही. बंद पडली की चालू आहे, कळायला मार्ग नाही. घेईनही कधी. सध्या मी रोज संध्याकाळी नानांना मागे बसवून गोमाईच्या पुलापर्यंत एक फेरी मारतो आणि परतताना पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होऊ देतो. वहीतली शेवटची नोंद वाचल्यापासून ही सवय लागली आहे.

‘स्लो जेट तुंबला. कारण: गाडी वापरात नव्हती. दोष: चिरंजीवांचा. खर्च: काही नाही.’