मोटारीचा हिवाळा आणि मिठाचा हिशेब

अमेरिकेच्या उत्तरेकडे, मिशिगन राज्यात, ऑक्टोबर सरत आला की काही घरांत एक चर्चा सुरू होते. घरात रोजच्या वापराची एक गाडी असते आणि हौसेने घेतलेली दुसरी, ठेंगणी, दोन माणसांपुरती स्पोर्ट्स कार असते. ही दुसरी गाडी हिवाळ्यापुरती आत केव्हा ठेवायची आणि कशी ठेवायची, हा त्या चर्चेचा विषय. ऐकणाऱ्याला हे श्रीमंतांचे चोचले वाटतील. पण या प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो गाडीपासून निघून माणसाच्या पिण्याच्या पाण्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी त्या थंड मुलखात बहुतेक मोटारी हिवाळ्यात आतच ठेवल्या जात. स्पोर्ट्स कार असो की साधी, फरक नव्हता. गाड्या बहुतांशी उघड्या असत, वर कापडी टप. रेडिएटरमध्ये साधे पाणी. पाणी गोठले की फुगते, आणि फुगले की इंजिनाचा ओतीव लोखंडाचा ठोकळासुद्धा तडकतो. त्यावर उपाय म्हणून पाण्यात अल्कोहोल मिसळत, पण इंजिन तापले की ते उडून जाई. शिवाय रस्त्यावरचा बर्फ काढण्याची व्यवस्था फारशी नव्हती. बर्फावर चालायची ती घोड्याची घसरगाडी. तेव्हा नोव्हेंबरात रेडिएटरचे पाणी काढून टाकायचे, बॅटरी काढून ऊबदार जागी ठेवायची, टायरांवर भार नको म्हणून गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवायची आणि वसंत ऋतूची वाट पाहायची, असा परिपाठ होता. निर्णय निसर्ग घेत असे, माणूस तो पाळत असे.

१९२०च्या दशकात हे चित्र बदलले. १९१९ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी जेमतेम दहा टक्के बंद बांधणीच्या होत्या. १९२७ पर्यंत ते प्रमाण ८५ टक्क्यांच्या घरात गेले. याच दशकात एथिलीन ग्लायकॉलचा द्रव बाजारात आला. तो उडून जात नसे आणि रेडिएटर गोठू देत नसे. आज आपण ज्याला कूलंट म्हणतो, त्याचाच हा पूर्वज. बर्फ ढकलणारी यंत्रे रस्त्यावर आली. कामगार कारखान्यात मोटारीने जाऊ लागला, डॉक्टर रोग्याकडे मोटारीने जाऊ लागला. आता मोटार थांबवणे परवडणारे नव्हते, म्हणून रस्ता हिवाळाभर मोकळा ठेवणे भाग पडले. तो मोकळा ठेवायचा कशाने?

उत्तर मिळाले ते मिठात. आपल्याकडे घरी पॉटात आईस्क्रीम केलेल्या पिढीला हे शास्त्र वेगळे शिकवायला नको. बर्फात खडे मीठ घातले की बर्फ वितळतो आणि होणारे खारे पाणी शून्याच्या खालीही गोठत नाही. हाच गुण रस्त्याला लावला. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ साली रस्त्यावर मीठ टाकून पाहिले, आणि १९४१-४२च्या हिवाळ्यात ते सरसकट वापरण्याचे धोरण स्वीकारले. असे करणारे ते पहिले राज्य. त्या हिवाळ्यात साऱ्या अमेरिकेच्या महामार्गांवर मिळून सुमारे ५,००० टन मीठ पडले. दुसरे महायुद्ध संपल्यावर हायवे वाढले आणि रस्ता काळाभोर, कोरडा दिसलाच पाहिजे अशी अपेक्षा वाढली. १९५५च्या सुमारास वर्षाला दहा लाख टन मीठ लागत होते. पुढच्या पंधरा वर्षांत ते एक कोटी टनांच्या आसपास गेले. आज तो आकडा सुमारे दोन कोटी टन सांगितला जातो. मिठामुळे अपघात कमी झाले, रुग्णवाहिका वेळेवर पोहोचल्या, हे खरेच आहे. मिठाला नुसती नावे ठेवून चालणार नाही.

गंमत अशी की, जगाची मोटारनगरी म्हणून ख्याती मिळवलेल्या डेट्रॉईट शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे. प्राचीन काळी तिथे समुद्र होता, तो आटला आणि मिठाचे जाड थर मागे राहिले. १९०६ साली खाणीची विहीर खणायला घेतली, १९१० साली हजार फुटांहून खोल असलेल्या त्या थरापर्यंत माणसे पोहोचली. आरंभी हे मीठ कातडी कमावण्यासाठी आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांसाठी जाई. आज ते रस्त्यांवर जाते. वर मोटारी तयार करणारे शहर आणि खाली मोटारी खाणारे मीठ, असा हा शेजार!

मीठ मोटार खाते म्हणजे काय? लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा लागते. पाण्यात मीठ असले की विजेचे कण त्यातून सहज वाहतात आणि गंजाचा वेग वाढतो. समुद्रकाठी राहणाऱ्यांना खिडकीचे गज पाहून हे ठाऊक असते. मोटारीत हा मारा खालून होतो. चाकांनी उडवलेला खारा चिखल दाराखालच्या पोकळ भागांत जाऊन बसतो आणि तिथेच ओला राहतो. वरून रंग चकचकीत, आतून पत्रा पोखरलेला.

स्पोर्ट्स कारला याचा फटका जास्त बसला. महायुद्धानंतर इंग्लंडहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांना एम. जी. कंपनीच्या छोट्या उघड्या गाड्यांनी वेड लावले होते. पाठोपाठ ट्रायम्फ आल्या, १९६१ साली जग्वारची ई-टाइप आली. गाड्या देखण्या, पण गंजापासूनचे संरक्षण अगदीच जुजबी. १९७०च्या दशकाच्या मध्यात पोर्शने आपल्या ९११ गाडीला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरायला सुरुवात केली, तोवर असंख्य गाड्या मिठाने गिळल्या होत्या.

अमेरिकेची स्वतःची गाजलेली स्पोर्ट्स कार म्हणजे जनरल मोटर्सची कॉर्व्हेट. ती जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोकांना दाखवली गेली, आणि ३० जून १९५३ रोजी मिशिगनमधल्या फ्लिंट गावच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. त्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या. तिचे अंग फायबरग्लासचे होते, म्हणजे न गंजणारे. पण त्या अंगाखालचा सांगाडा मात्र पोलादाचाच होता. फ्लिंट हे नाव लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

माझा भाचा त्याच राज्यात नोकरी करतो. त्याच्या शेजारी मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात, त्यांच्याकडे जुनी कॉर्व्हेट आहे. मी तिकडे गेलो तेव्हा त्यांची गाडी आत ठेवण्याची तयारी चालली होती. बर्फाचा अजून पत्ता नव्हता, म्हणून मी भाच्याला घाई कसली ते विचारले. तो म्हणाला, “मामू, ते बर्फाला नाही भीत. मिठाचा ट्रक यायच्या आत गाडी आत गेली पाहिजे.”

केव्हा ठेवायची, या प्रश्नाचे उत्तर त्या एका वाक्यात आहे. पहिला बर्फ पडण्याआधी, रस्त्यावर पहिले मीठ पडण्याआधी. आणखी एक खूण पारा देतो. तापमान सात अंश सेल्सियसच्या खाली राहू लागले की उन्हाळी टायरांचे रबर कडक होते, पकड सुटते. आणि बाहेर केव्हा काढायची? बर्फ वितळला म्हणून लगेच नाही. वसंतातल्या दोन-चार चांगल्या सरींनी रस्त्यावरचे मीठ धुऊन नेल्यावर. कोकणात पावसाळ्यापूर्वी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात जाते. या गाडीचेही तसेच पंचांग आहे, फक्त ते तिथीवर चालत नाही, रस्ता पाहून चालते.

कशी ठेवायची, याचीही रीत ठरलेली आहे. गाडी खालून स्वच्छ धुवायची आणि पूर्ण वाळवायची. इंजिनचे तेल बदलायचे, कारण वापरलेल्या तेलात आम्ल आणि पाण्याचा अंश साठलेला असतो. पेट्रोलची टाकी जवळजवळ भरून ठेवायची, म्हणजे रिकाम्या जागेत दमट हवा राहत नाही, आणि पेट्रोल खराब होऊ नये म्हणून त्यात टिकवणारे द्रव्य घालायचे. टायरांत थोडी जास्त हवा भरायची. बॅटरीला हळूहळू चार्ज देणारे यंत्र लावायचे. हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, तो महिनोन् महिने ओढलेला राहिला तर चिकटून बसतो. त्याऐवजी चाकाला अडण लावायची. उंदीर घर करू नयेत म्हणून धूर सोडणाऱ्या नळीचे तोंड बंद करायचे आणि गाडी काढताना ते आठवणीने उघडायचे. वर झाकायला कापड हवे, प्लॅस्टिक नको, कारण प्लॅस्टिकखाली ओल कोंडते.

यात दोन गोष्टी आपल्या समजुतीच्या उलट आहेत. आठवड्यातून एकदा गाडी पाच मिनिटे चालू करून बंद करणे हे तिच्या भल्याचे नाही. जळलेल्या इंधनातून पाण्याची वाफ निघते, ती थंड नळ्यांत पाणी होऊन बसते. चालवायची तर पूर्ण तापेपर्यंत चालवावी, नाही तर झोपू द्यावी. दुसरे, मीठ न धुता गाडी ऊबदार गॅरेजमध्ये ठेवणे हे थंडीत ठेवण्यापेक्षा वाईट, कारण ऊब मिळाली की गंज जोराने वाढतो.

युरोपात तर सरकारनेही या विश्रांतीची दखल घेतली. जर्मनीत १९९७ पासून हंगामी नंबरप्लेट मिळते. गाडी कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत चालेल ते पाटीवरच लिहिलेले असते, कर आणि विमा तेवढ्याच काळाचा. बाकीच्या महिन्यांत ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीही करता येत नाही. इंग्लंडमध्ये १९९८ पासून गाडी रस्त्यावर नसल्याचे सरकारला रीतसर कळवावे लागते.

आता फ्लिंटकडे वळू. हे गाव डेट्रॉईटकडून ह्युरॉन सरोवराचे शुद्ध केलेले पाणी विकत घेत असे. एप्रिल २०१४ मध्ये, राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या काळात, पैसे वाचवण्यासाठी गावाला फ्लिंट नदीचे पाणी दिले जाऊ लागले. या पाण्यात क्लोराइड पुष्कळ होते. रस्त्यांवरचे मीठ वर्षानुवर्षे नदीत उतरत होते, ते त्याचे एक कारण. पाणी शुद्ध करताना वापरलेली रसायने हे दुसरे. जुन्या नळांना गंजापासून वाचवणारे द्रव्य पाण्यात घालायला हवे होते, ते घातले गेले नाही. हा सर्वांत मोठा दोष.

सर्वांत आधी तक्रार ऐकली गेली ती लोखंडाची. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या तिथल्या इंजिन कारखान्याने हे पाणी वापरणे थांबवले, कारण इंजिनाचे सुटे भाग त्याने गंजत होते. कारखान्याला पुन्हा सरोवराचे पाणी मिळाले. माणसे मात्र नदीचेच पाणी पीत राहिली. पाण्याच्या रंगावासाबद्दल ती महिनोन् महिने ओरडत होती. नळांतले शिसे पाण्यात उतरत होते. सप्टेंबर २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हन्ना-अतिशा यांनी मुलांच्या रक्तात शिसे वाढल्याचे दाखवून दिले, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये गावाचे पाणी बदलले. कारखान्यानंतर एका वर्षाने.

जिथे पहिली कॉर्व्हेट जन्मली, त्याच गावाची ही गोष्ट. मिठाने लोखंडाचे काय होते हे त्या राज्यातल्या प्रत्येक मोटारवाल्याला ठाऊक होते. तेच पाणी जमिनीखालच्या नळाचे काय करील, हा प्रश्न ज्यांनी विचारायचा त्यांनी तो विचारला नाही.

आता अनेक ठिकाणी मीठ मोजून टाकतात, आधी खारे पाणी शिंपडून कमी मिठात काम भागवतात. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. गाडीला गॅरेज असते, कापड असते, तिची काळजी करणारा मालक असतो. नदी हिवाळ्यापुरती उचलून आत ठेवता येत नाही. रस्त्यावर टाकलेले मीठ वसंतातल्या सरींनी धुऊन जाते असे आपण म्हणतो, तेव्हा ते जाते कुठे, एवढे तरी विचारावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)